गुलमर्गचा फेज २: स्कीइंगचा उतार जमते, पण तासातासाला बदलणारा बर्फ समजत नाही

दारव्ह्याचा_कास्तकार

राजेहो नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुका, घरी सात एकर, कापूस अन् तूर. लहानपणी बर्फ पाहिला तो रसवंतीवर, भुश्यात गुंडाळलेली लादी, बस. दोन वर्षांपूर्वी मनालीले १४ दिवसांचा स्कीइंगचा बेसिक कोर्स केला अन् तवापासून डोक्यातून जातच नाही. मागच्या फेब्रुवारीत तूर काढून झाली, कापसाचा शेवटचा वेचा झाला, अन् नागपूरहून ट्रेननं जम्मू, तिथून गुलमर्ग, दहा दिवस राहून आलो.

खालच्या उतारावर अन् गोंडोलाच्या (दोरीवर चालणारी केबल कार, दोन टप्प्यांची) फेज १ च्या पट्ट्यात माझे पॅरलल टर्न, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून घेतलेली वळणं, बरे होतात. नवव्या दिवशी सोबतच्या दोघांनी म्हटलं चल वर, म्हणून फेज २ नं वर अफरवट डोंगरावर गेलो, म्हणजे सुमारे ३,९५० मीटर. आता ऐका काय झालं. वरचा पहिला तुकडा वाऱ्यानं घासून काचेसारखा कडक, स्कीची धारच बसेना. तिथून खाली आलो तर गुडघाभर भुसभुशीत, मस्त. मंग एका जागी वर पापडी अन् खाली पोकळ, पाय आत फसले, एक स्की निघाली अन् मी साठ-सत्तर मीटर पाठीवर घसरत गेलो. अन् अगदी खाली आलो तर ओला, जड, पाय ओढून धरणारा बर्फ. एकाच उतारावर दोन तासांत चार प्रकार! भाड्याचे बूटही एक नंबर मोठे होते, दुकानदार म्हणे दोन मोजे घाला.

हाडं शाबूत आहेत, आईले अजून सांगितलं नाही. मले उताराची तेवढी भीती वाटत नाही, पण पायाखालचा बर्फ पुढच्या वळणावर काय करन हेच समजत नाही. जे जाणकार आहेत त्यांनी सांगा, बर्फ ओळखाचा कसा, अन् तीव्र उतारावर वळण घ्याचं कसं? येत्या फेब्रुवारीत पुन्हा जाणार आहो.

मेहकरचा_माजी_जवान

भाऊ, पहिले एक सांगतो, तू वाचला हे लय झालं. मी फौजेत असताना त्याच डोंगरांत हिवाळे काढले. गुलमर्गले आर्मीची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, १९४८ पासूनची. ८ फेब्रुवारी २०१० ले गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गले हिमस्खलन झालं अन् आपले १७ जवान गेले. ते शिकलेले लोक होते, डोंगर ओळखणारे होते, तरी गेले. २०२३ च्या १ फेब्रुवारीले अफरवटच्या बाजूले दोन पोलिश स्कीअर गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत खिलनमर्गले एक रशियन गेला. म्हणून मी तुले वळण नंतर सांगतो, आधी हे वाच.

हिमस्खलन बहुतेक करून ३० ते ४५ अंशाच्या उतारावर होते, अन् स्कीइंग करणाऱ्याले मजा येते तोही उतार हाच. म्हणजे तुले जो आवडते तोच धोक्याचा. मोबाईलमधे उतार मोजाचं ॲप राहते, ते वापरत जा, कारण डोळ्याले २५ अंशही भिंतीसारखा दिसते. आणखी एक, टक्के अन् अंश यात गल्लत करू नको, ४० टक्के उतार म्हणजे फक्त २२ अंश, १०० टक्के म्हणजे ४५ अंश. अमेरिकेत कॅनडात साधारण ४० टक्क्यांच्या वर काळा मार्ग, म्हणजे अवघड, धरतात; निळा मधला. अन् हे रंगही त्या त्या रिसॉर्टपुरते राहतात, एका ठिकाणचा काळा दुसरीकडं निळा निघू शकते.

आता थर कसे पडतात ते पाह्य. तू सोयाबीन ताडपत्रीवर टाकते नं, ताडपत्री एका बाजूनं उचलली की पूर्ण ढीग एकदम सरकते, दाणा दाणा नाही सरकत. बर्फाचंही तसंच. हिवाळ्याच्या सुरुवातीले बर्फ पातळ राहते, खालून जमिनीची ऊब अन् वरून कडाक्याची थंडी, तर मधल्या काळात खालचा बर्फ जाड साखरेसारखा दाणेदार होते, एकमेकाले चिकटत नाही. त्याच्यावर मंग एखादा मोठा वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारं हिवाळी वादळ) येते, दोन फूट नवा बर्फ टाकते, वारा त्याले दाबून पाटी करते. खाली साखर, वर पाटी. तुझं वजन पडलं की पाटी तुटते. वाऱ्याचं विशेष ध्यान ठेव, आभाळ मोकळं असलं तरी वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या पलीकडं, आडोश्याच्या बाजूले भरते. लोक म्हणतात आज तर बर्फ पडला नाही, मंग धोका कायचा. धोका तिथंच राहते.

तीन गोष्टी दिसल्या की त्या उतारावर जायचं नाही: शेजारच्या तशाच उतारावर ताजं स्खलन, पायाखालून धप्प असा दबका आवाज, अन् स्कीपासून पुढं पळणाऱ्या भेगा. मोठी बर्फबारी झाल्यावर पहिला एक-दोन दिवस तर वर जाऊच नको, पोरं नेमकं तवाच पळतात ताज्या बर्फासाठी. डीजीआरई म्हणजे आधीची सासे, हिमस्खलनाचा अभ्यास करणारी डीआरडीओची संस्था, त्यांचं बुलेटिन निघते, रोज सकाळी पाह्य. अन् गोंडोलाच्या जवळचा जो पट्टा स्की पेट्रोल (उतारावर गस्त घालणारी टोळी) पाहते त्याच्या बाहेर गाईडशिवाय पाय टाकू नको.

ट्रान्सीव्हर (दबलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधाची लांब काठी), तिन्ही सोबत, तुझ्याजवळही अन् जोडीदाराजवळही. दबलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तर वाचाची आशा चांगली राहते, त्यानंतर झपाट्यानं कमी होते. बाहेरून मदत तेवढ्या वेळात येत नाही, जोडीदारच काढते. उतारावर एकावेळी एकच जण, बाकीचे आडोश्याले उभे.

परतवाडा_पीटी

जवान भाऊंनी मुख्य ते सांगितलं, मी वळणाबद्दल लिहिते. मी शाळेत पीटी शिकवते, मनाली आणि औलीला कोर्स केलेत आणि कडक बर्फावर तुझ्यासारखीच घसरले आहे.

तीव्र उतारावर माणूस घाबरला की डोंगराकडे झुकतो. तिथंच घात होतो, कारण मग वजन वरच्या पायावर जातं आणि खालच्या स्कीची धार सुटते. उलटं करायचं. छाती दरीकडे, दोन्ही हात डोळ्यांसमोर, वजन खालच्या स्कीवर, नडगी बुटाच्या जिभेला सतत टेकलेली. काठी खाली टोचली की त्याच्याभोवती वळायचं. वर उभं राहून सगळा उतार पाहत बसू नकोस, पुढची दोन वळणं पाहा. आणि वळायच्या आधी आडवं घसरणं, साइड स्लिप, ते इतकं घोटून घे की झोपेतही जमलं पाहिजे. कुठंही अडकलास तरी साइड स्लिपनं खाली येता येतं, तोच तुझा ब्रेक.

आता बर्फाप्रमाणे. कडक काचेवर जोर लावायचा नाही, हळुवार आणि लवकर धार बसवायची, मधेच झटका दिला की गेलास. भुसभुशीत बर्फात दोन्ही पायांवर सारखं वजन, स्की जवळजवळ, एकच रुंद फळी आहे असं समज. तू पडलास ती पापडी तर सगळ्यात वाईट, तिथं भले भले पडतात. दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून छोटी उडी मारून स्की हवेतच फिरवायची, जंप टर्न, किंवा सरळ आडवं जाऊन थांबून किक टर्न घ्यायचा, म्हणजे उभ्या जागी एकेक स्की उचलून उलट दिशेला फिरवायची, त्यात काही कमीपणा नाही गं बाई. (भाऊ म्हणायचं होतं, आमच्या शाळेच्या मुलींना सांगायची सवय आहे.) ओल्या जड बर्फात वेग एकदम कमी झाला की तोंडावर पडतो, म्हणून लांब, शांत वळणं.

पडलास तर लगेच पालथा हो, पाय खालच्या बाजूला, हात आणि बुटाची टोकं बर्फात रुतव. पाठीवर राहिलास तर वेग वाढतच जातो. हे पहिल्या सेकंदात करायचं, म्हणून सोप्या उतारावर मुद्दाम दहा वेळा करून पाहा.

बुटाचं ऐकून मला राग आला. दोन मोजे घालून मोठा बूट कधीच बसत नाही, टाच उचलते आणि तू फिरवलेला पाय स्कीपर्यंत पोचतच नाही. एक पातळ मोजा आणि घट्ट बूट. दुकानात स्कीच्या धारेवर नख घास, नखाचा किस निघाला तर धार आहे, नाही तर दुसरी जोडी माग. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, तुझ्या वजन-उंचीप्रमाणे, बुटाच्या तळाच्या लांबीप्रमाणे आणि तुला किती येतं त्याप्रमाणे तुझ्यासमोर लावून घे.

इथं गावात काय करशील? मी परतवाड्याहून चिखलदऱ्याला चालत चढते आणि मुख्य म्हणजे चालत उतरते, मांडीचा खरा व्यायाम उतरताना होतो. तुझ्याकडे घाट नसेल तर धरणाचा बांध आहेच. दोन्ही पाय जोडून बांधाच्या या बाजूनं त्या बाजूला उड्या, रोज तीस-चाळीस. डिसेंबरपासून लाग.

वर्धेकर_७७

एक व्यवहाराची गोष्ट. तिकीट फार आधी पक्कं करू नको. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, टुरिस्ट वापस गेले. २०२५ ले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चवर ढकलले. कमी बर्फाच्या वर्षी दगड नुसते झाकलेले राहतात, पडलं की सरळ दगडावर. अन् विमा काढशीन तर कागद वाच, बऱ्याच पॉलिसीत आखलेल्या मार्गाच्या बाहेरचं स्कीइंग धरत नाहीत.

दारव्ह्याचा_कास्तकार

जवान दादा, मॅडम, वर्धेवाले भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचं ते सोयाबीन-ताडपत्रीचं वाचून रात्री झोप नाही आली, कारण आम्ही गेलो तवा दोनच दिवस आधी मोठा बर्फ पडला होता अन् तिघं एकामागं एक उतरलो होतो. फावडं कोणाजवळच नव्हतं.

एक विचारतो. खालच्या पट्ट्यात मार्चच्या सुमाराले एक मऊ दाणेदार बर्फ लागते म्हणतात, तो केव्हा सापडते?

मेहकरचा_माजी_जवान

तू कास्तकार आहे, तुले हे लवकर समजन. पाणी पडल्यावर वावरात लगेच डवरा घालते का? नाही. चिखल राहते तवा नाही, अन् वाळून ढेकूळ झाल्यावरही नाही. वाफसा यावा लागते. मार्चच्या बर्फाले तसाच वाफसा येते. रात्रभर आभाळ मोकळं राहिलं तर बर्फ गोठून दगड होते, सकाळी जाऊ नको. ऊन लागलं की वरचा एक-दोन इंच सुटते, खाली कडक राहते, तो वाफसा, तवा उतर. पूर्वेकडच्या उताराले आधी, मंग दक्षिणेकडच्या, मंग पश्चिमेकडच्या. एकेका उताराले घंटा-दीड घंटाच भेटते. अन् बूट घोट्यापर्यंत फसाले लागला की समज वाफसा गेला, आता चिखल, आता ओलं स्खलन सुटन, खाली ये. रात्री ढग असले तर गोठतच नाही, त्या दिवशी वाट पाहूच नको.

दारव्ह्याचा_कास्तकार

वाफसा म्हटलं अन् डोक्यात उजेड पडला दादा. मंग ठरवलं, यावेळी फेब्रुवारीच्या शेवटी जातो, पहिले पाच दिवस फेज १, नुसतं साइड स्लिप अन् पडून पालथं होणं. वर गेलोच तर गाईड घेऊन अन् स्की पेट्रोलच्या पट्ट्यातच. मॅडम, आज सकाळी बांधावर उड्या मारल्या, अठरा झाल्या अन् पोटऱ्या गेल्या. ट्रान्सीव्हर भाड्यानं भेटते का तिथं, की नागपूर-पुण्याहून कोणाचा घेऊन जाऊ?

परतवाडा_पीटी

तिथं भाड्यानं मिळतो, पण घेतल्या घेतल्या बॅटरी किती टक्के आहे ते पाहा आणि जोडीदाराचा लपवून शोधून पाहा, निदान पाच वेळा. आणि आईला सांगून जा.