सेल्फ अडखळला की बॅटरीच का बदलायची?

ऑरेंजसिटी_स्वार
डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली गेला की सकाळी कुठल्याही सोसायटीच्या दुचाकी पार्किंगमध्ये उभे राहा. खर्र... खर्र... टक्. लगेच कोणीतरी निकाल देतो, "बॅटरी गेली, भाऊ." दुपारी नवी बॅटरी बसते आणि बऱ्याचदा महिन्याभरात तेच रडगाणं पुन्हा सुरू होतं. माझं मत स्पष्ट आहे. व्होल्ट मोजायचा मीटर न लावता बॅटरी बदलणारा मेकॅनिक निदान करत नाही, नशीब आजमावतो, आणि तेही गिऱ्हाइकाच्या पैशाने.

'गाडी स्टार्ट व्हायला त्रास देते' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगवेगळी दुखणी असू शकतात. एकात सेल्फ मारला तरी इंजिन जोमाने फिरतच नाही. दुसऱ्यात इंजिन मस्त फिरतं, पण पकडत नाही. पहिल्यात बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हचा इंजिनशी जोड), रिले (सेल्फला वीज जोडणारा स्विच), सेल्फ मोटरचे कार्बन ब्रश बघायचे. दुसऱ्यात पेट्रोल, प्लग, हवा, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातला गॅप). इंजिन छान फिरत असेल तर नवी बॅटरी घालून काय मिळणार?

बरं, मीटरला पैसेही फार लागत नाहीत. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास असायला हवेत, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. नुसता हा आकडा फसवतो, म्हणून सेल्फ दाबलेला असताना बघायचं. दहाच्या वर टिकली तर बरी, नऊच्या खाली कोसळली तर संशय घ्या. मग गाडी चालू करून थोडी रेस द्या. १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तेवढे नसतील तर दुखणं चार्जिंगचं आहे, आणि तुमची नवी बॅटरीही त्याच वाटेने जाणार.

गॅरेजवाला_सक्करदरा
भाऊ, तुमचं सगळं कबूल. पण गॅरेजात एक दिवस बसून पाहा न. सकाळी शटर वर केलं की गिऱ्हाईक दारात उभं. "ऑफिसला जायचं आहे, पटकन पाह्य." मी सीट खोलली, मीटर लावला, टर्मिनल घासले, अर्थिंगचा नट कसला, गाडी सुरू. अर्धा तास गेला. आता दोनशे रुपये मागितले की त्याचं तोंड पाहा. "सामान काय टाकलं?" सामान नाही टाकलं तर पैसे काहून द्यायचे, असा हिशोब. तोच माणूस दीड हजाराची बॅटरी टाकली की वॉरंटी कार्ड खिशात घालून खुशीत जाते. म्हणजे गिऱ्हाइकाला डोकं फुकट पाहिजे आणि डबा विकत. मग मी काय विकू, तुम्हीच सांगा.

रामदासपेठची
दादा, तुमची अडचण पटते, पण त्याचा भुर्दंड माझ्यासारखीने का भरायचा? मला एका गॅरेजमध्ये "मॅडम, बॅटरी डेड आहे" असं गाडीला हात न लावता सांगितलं. सीट उघडल्यावर मला स्वतःला दिसलं, निगेटिव्ह टर्मिनलच्या नटाखाली पांढरट भुकटी जमली होती आणि वायर बोटाने हलत होती. कोमट पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश आणि दहाचा पाना. त्यानंतर तीच बॅटरी अख्खा हिवाळा चालली. बाईमाणूस दिसलं की निदान आणखी झटपट होतं, हा माझा वेगळा राग आहे. तो इथे नको.

किकवाले_काका
मीटर-बिटर काही लागत नाही हो. गाडीला किक असेल तर किक मारा. एका किकमध्ये लागली म्हणजे इंजिन ठणठणीत, दोष सेल्फच्या बाजूला. किकनेही घाम निघाला तर प्लग, कार्बोरेटर नाहीतर टॅपेट. यापेक्षा सोपी परीक्षा दाखवा मला. कंपन्यांनी किक काढून टाकली तेव्हापासून हे सगळे कुटाणे सुरू झाले.

हिंगण्याचा_इलेक्ट्रिकलवाला
काका, परीक्षा चांगली आहे पण सगळ्या गाड्यांना लागू नाही. जुन्या एसी सीडीआय इग्निशनच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत ठिणगीची वीज मॅग्नेटच्या कॉइलमधून थेट येते, तिथे बॅटरी मेली तरी किकने लागते. पण डीसी इग्निशनमध्ये ठिणगीही बॅटरीवर चालते. बॅटरी पार बसली असेल तर किकनेही अडेल आणि तुम्ही उगाच कार्बोरेटर खोलून बसाल. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला, त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे बॅटरी पूर्ण उतरली की पंपच फिरत नाही, मग धक्का मारून उपयोग शून्य.

आता स्वारभाऊंना एक टोमणा. तुम्ही बॅटरीला जरा जास्तच निर्दोष सोडताय. डिसेंबरात नागपुरातल्या पुष्कळ बॅटऱ्या खरंच गेलेल्या असतात. फक्त त्यांना मारणारी थंडी नसते, मे महिना असतो. सीताबर्डीवर उघड्यावर पंचेचाळीस अंशांत गाडी दिवसभर तापते, बॅटरीच्या आतल्या प्लेटा झिजतात, पाणी उडतं. उन्हाळ्यात ते जाणवत नाही, कारण गरम इंजिनाचं तेल पातळ असतं आणि सेल्फला जोर कमी लागतो. थंडीत तेल घट्ट होतं, बॅटरीची ताकद घटते, आणि मे महिन्यातलं नुकसान डिसेंबरात उघडं पडतं. म्हणून 'बॅटरी गेली' हा अंदाज बरेचदा बरोबर निघतो, मीटर न लावता सुद्धा.

ऑरेंजसिटी_स्वार
बरोबर निघतो म्हणजे निदान बरोबर होतं असं नाही ना. तीन गोष्टी बिघडू शकतात, त्यातली एक जास्त वेळा बिघडते, म्हणून दरवेळी तीच बदलायची? उरलेल्यांनी काय करायचं? अर्थिंगबद्दल जरा नीट लिहा, लोक तेच विसरतात.

हिंगण्याचा_इलेक्ट्रिकलवाला
लिहितो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा. खांबावर, नटावर किंवा वायरच्या कानावर नाही, नाहीतर सैल जोड तुमच्या मोजणीतून निसटतो. लाल पिन इंजिनच्या केसिंगच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या बोल्टवर. दुसऱ्या माणसाला सेल्फ दाबायला सांगा आणि आकडा बघा. जोड चांगला असेल तर ०.२ व्होल्टच्या आत राहतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तेवढे व्होल्ट गंजलेल्या जोडात वाया चाललेत, मोटरपर्यंत पोचतच नाहीत. अशीच मोजणी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फ मोटरच्या टर्मिनलपर्यंत करा, रिलेतला दोष तिथे सापडतो. वॉशिंग सेंटरमध्ये प्रेशरच्या पाण्याने सीटखाली फवारा मारून घेणाऱ्यांनी ही तपासणी जरूर करावी.

कानही वापरा. रिले टर्रर्र करत असेल तर व्होल्टेज कोसळतंय, म्हणजे बॅटरी किंवा जोड. एकच टक् आणि पुढे शांतता असेल तर रिलेचे पॉइंट जळलेत किंवा मोटरचे कार्बन संपलेत. मोटर भर्रकन फिरते पण इंजिन जागचं हलत नाही, तर मोटरला इंजिनशी जोडणारा स्टार्टर क्लच गेला, ते काम खर्चिक. आणि टक् सुद्धा होत नसेल तर आधी किल स्विच आणि साइड स्टँड बघा, मग मला फोन करा.

इथेनॉलग्रस्त
सगळे वायरीतच अडकून पडले. खरा गुन्हेगार पेट्रोल आहे. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आलं तेव्हापासून माझी जुनी कार्बोरेटरची गाडी सकाळी धड लागत नाही. चोक ओढा, सोडा, पुन्हा ओढा. आधी असं नव्हतं.

टॅपेटप्रेमी_महाल
इथेनॉल आरोपी आहे खरा, पण त्याच्यावर नको ती कलमं लावू नका. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनात वाफ कमी होते. त्यात इथेनॉलला हवाही कमी लागते. कार्बोरेटरच्या जुन्या जेटमधून (इंधन सोडणाऱ्या बारीक भोकातून) पूर्वीइतकंच इंधन जातं, म्हणजे मिश्रण पातळ पडतं. कार्बोरेटरवाल्यांची तक्रार खरी आहे. इंजेक्शनच्या बीएस-६ गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तिथे कंप्युटर इंधन वाढवून सांभाळून घेतो. पण हे सगळं गाडी न पकडण्याबद्दल. सेल्फ खर्र करून थांबत असेल तर पेट्रोलचा काय दोष? ते बिचारं अजून इंजिनात पोचलेलंच नाही.

गाडी पावसाळाभर उभी राहिली असेल तर मात्र कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठायच्या वाटीच्या) खालचा ड्रेन स्क्रू सोडून जुनं पेट्रोल काढून टाका. इथेनॉल ओलावा ओढतं, आणि मंद चालीला इंधन देणाऱ्या पायलट जेटचं भोक इतकं बारीक असतं की थोडासा चिकटा त्याला पुरतो. चोकवर लागते, चोक काढला की मरते, अशी गाडी बहुतेक पायलट जेटचीच पेशंट.

आणि ज्याचं नाव इथे नुसतं ओझरतं आलं ते टॅपेट. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीत हळूहळू खोल बसतो, गॅप कमी होतो, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. सेल्फ फिरतो, आवाजही निरोगी, गाडी मात्र पकडत नाही. गंमत अशी की गॅप कमी झाला की टिकटिक बंद होते आणि मालक म्हणतो, "काय स्मूथ झाली गाडी!" थंड इंजिनात फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. कानाने टॅपेट लावणाऱ्या उस्तादांना माझा दुरूनच नमस्कार.

गॅरेजवाला_सक्करदरा
फिलर गेज, मीटर, सगळं आहे माह्याकडे. पुन्हा तेच विचारतो, त्याचे पैसे कोण देते? मी पाटी लावली होती, 'तपासणी १०० रुपये'. लोक पाटी वाचून बाजूच्या दुकानात जात. तिथे तपासणी फुकट, बॅटरी दीड हजार.

रामदासपेठची
तपासणीचे पैसे घ्या, आणि काम तुमच्याकडेच केलं तर बिलातून वजा करा. मी तरी देईन.

गॅरेजवाला_सक्करदरा
ताई, असं करून पाहा न. गाडीत मोठं काम निघालं तर तपासणी फुकट. काहीच नाही निघालं तर शंभर रुपये घेतले. मग मला गाडीत काहीतरी काढायचाच मोह होणार न? ज्यासाठी तुम्ही माह्यावर चिडता, तेच तुम्ही मला करायला सांगून राह्यल्या.

ऑरेंजसिटी_स्वार
हा मुद्दा मोठा आहे. मग वजावट नकोच. डॉक्टर बीपी नॉर्मल निघालं म्हणून फी परत करत नाही. तपासणीचे वेगळे, कामाचे वेगळे, आणि मोजलेले आकडे बिलावर लिहून द्या. उभी गाडी इतके व्होल्ट, सेल्फ मारताना इतके, चार्जिंग इतकं. एवढं लिहून मिळालं तर बॅटरीचे दीड हजार द्यायलाही मी तक्रार करणार नाही.

किकवाले_काका
आकडे लिहिलेलं बिल घेऊन कोण हिंडणार? माझं ऐका, किक असलेली जुनी गाडी घ्या.

गॅरेजवाला_सक्करदरा
काका, तुमची गाडी तीन महिन्यांपासून माह्याच गॅरेजात उभी आहे. किकचा शाफ्ट येऊन पडला आहे, घेऊन जा आधी.