आइसलँडने युरोपीय महासंघाशी पुन्हा बोलणी सुरू करावीत का? प्रश्न अखेर माशांचाच आहे

उत्तरवारा:

डिसेंबर २०२४ मध्ये आइसलँडमध्ये क्रिस्त्रून फ्रॉस्टादोत्तिर यांचे आघाडी सरकार आले. युरोपीय महासंघाच्या सदस्यत्वाच्या वाटाघाटी पुन्हा सुरू कराव्यात की नाही, यावर २०२७ संपण्यापूर्वी सार्वमत घेण्याचे आश्वासन या सरकारने दिले. हे सार्वमत सदस्य होण्यावर नाही, फक्त बोलणी करण्यावर आहे. या प्रश्नाला होकारच दिला पाहिजे, असे माझे मत आहे.

आइसलँडच्या संसदेने, म्हणजे आल्थिंगने, जुलै २००९ मध्ये ३३ विरुद्ध २८ मतांनी सदस्यत्वासाठी अर्ज करण्याचे ठरवले, तेव्हा ऑक्टोबर २००८ च्या बँकबुडीला वर्षही झाले नव्हते. २०१० मध्ये बोलणी सुरू झाली आणि २०१३ च्या निवडणुकीत सरकार बदलताच ती थांबली. तोवर वाटाघाटींच्या विषयवार प्रकरणांपैकी २७ प्रकरणांवर चर्चा उघडली होती आणि त्यांपैकी ११ तात्पुरती मिटलीही होती. ज्या एका प्रकरणावर साऱ्या देशाचे लक्ष होते, ते मासेमारीचे प्रकरण मात्र उघडलेच गेले नाही. युरोप मासे नेईल की नेणार नाही, यावर आइसलँडमध्ये इतकी वर्षे वाद चालू आहे, पण ब्रुसेल्स नेमक्या कोणत्या अटी देते, हे आजवर कोणीही कागदावर पाहिलेले नाही.

महासंघात माशांचा कोटा वाटताना 'सापेक्ष स्थैर्य' नावाचे तत्त्व १९८३ पासून पाळले जाते. त्यानुसार कोणत्या देशाला किती वाटा मिळणार, हे त्या देशाच्या पूर्वीच्या मासेमारीवर ठरते. १९७६ नंतर आइसलँडच्या पाण्यात परकीय जहाजांनी कॉडसारखे तळाशी राहणारे मासे जवळजवळ पकडलेलेच नाहीत. आइसलँडला महासंघाच्या बाजाराशी जोडणाऱ्या युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारासोबत महासंघाला मिळाला तो अवघ्या ३,००० टन रेडफिशचा हक्क, आणि त्याच्या बदल्यात आइसलँडला ३०,००० टन कॅपेलिन मिळाले. हा इतिहास आधार धरला, तर आइसलँडच्या कॉडवर दावा सांगायला दुसऱ्या कोणाकडे काही आधारच उरत नाही.

रापणकर:

उत्तरवारा यांचा हिशोब बरोबर आहे, पण ज्या नियमावर तो उभा आहे तो नियम कोणाच्या हाती आहे, हे त्यांनी सांगितले नाही.

आइसलँडने आपले पाणी टप्प्याटप्प्याने परत घेतले. १९५२ मध्ये चार सागरी मैल, १९५८ मध्ये बारा, १९७२ मध्ये पन्नास आणि १९७५ मध्ये दोनशे. ज्या देशाला सैन्यच नाही, त्याच्या तटरक्षक दलाने ब्रिटिश ट्रॉलरच्या मागून जाऊन जाळ्यांच्या तारा कापल्या. सप्टेंबर १९७२ मध्ये 'एगिर' या गस्ती जहाजाने तारा कापण्याचे अवजार पहिल्यांदा वापरले. ट्रॉलरना संरक्षण द्यायला ब्रिटिश नौदलाच्या युद्धनौका आल्या आणि जहाजांवर जहाजे आदळली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७४ मध्ये आइसलँडच्या विरोधात निकाल दिला, तरीही आइसलँड मागे हटले नाही. फेब्रुवारी १९७६ मध्ये त्याने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले, म्हणजे नाटोच्या एका सदस्याने दुसऱ्या सदस्याशी तोडले. जूनमध्ये ब्रिटनने माघार घेतली. सहा वर्षांनी संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याने दोनशे मैलांचा हक्क साऱ्या जगासाठी मान्य केला.

हे सांगण्यामागे अभिमान हे कारण नाही. १९७५ मध्येच तिथल्या सागरी संशोधन संस्थेने कॉडचा साठा संपत चालल्याचा इशारा दिला होता. स्वतःचे पाणी स्वतःच्या हातात आले म्हणूनच त्या देशाला किती मासे पकडायचे हे ठरवता आले.

मी सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचा आहे. आमच्याकडे राज्याचा कायदा बारा सागरी मैलांपर्यंत चालतो. परराज्यातील हायस्पीड ट्रॉलर रात्री त्याच्या आत येतात आणि रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला), छोट्या होड्यांना काही उरत नाही, हे आम्ही दर हंगामात पाहतो. रेषा कागदावर असणे आणि ती राखण्याचा अधिकार आपल्याकडे असणे, या दोन गोष्टींत किती अंतर असते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. आइसलँडकडे आज रेषाही आहे आणि अधिकारही आहे.

न्यायवाचक:

रापणकर यांच्या आक्षेपाला कायद्याचा भक्कम आधार आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो.

'सापेक्ष स्थैर्य' हे महासंघाच्या मूळ करारातील कलम नाही. ते नियमावलीतील तत्त्व आहे आणि नियमावली बहुमताने बदलता येते. दरवर्षीची पकडमर्यादा मंत्र्यांच्या परिषदेत विशेष बहुमताने ठरते आणि त्यात लोकसंख्येला वजन असते. सुमारे चार लाख लोकसंख्येचा देश ४५ कोटींच्या संघात बसला, तर युरोपीय संसदेत त्याला किमान म्हणून सहा जागा मिळतील. परिषदेतले त्याचे मत मात्र लोकसंख्येच्या मापाने जवळजवळ शून्य ठरेल.

दुसरा मुद्दा जहाजांच्या मालकीचा आहे. स्पॅनिश मालकांनी ब्रिटनमध्ये कंपन्या काढून जहाजे ब्रिटिश म्हणून नोंदवली आणि ती ब्रिटिश कोट्यातले मासे पकडू लागली. हे थांबवण्यासाठी ब्रिटनने १९८८ मध्ये कायदा केला. 'फॅक्टरटेम' नावाने प्रसिद्ध झालेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने १९९१ मध्ये तो कायदा युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवला. ब्रिटनसारख्या मोठ्या देशाच्या संसदेचा कायदा बाजूला सारला गेला. आज आइसलँडमध्ये मासेमारी कंपन्यांतील परकीय मालकीवर कडक मर्यादा आहे. सदस्य झाल्यावर ती टिकवायची असेल, तर प्रवेशाच्या करारातच स्पष्ट, कायमची आणि पुढे न्यायालयात टिकेल अशी सवलत लिहून घ्यावी लागेल.

माल्टाचे उदाहरण या संदर्भात पुष्कळ वेळा दिले जाते. २००४ मध्ये प्रवेश करताना माल्टाने आपल्या २५ सागरी मैलांच्या पट्ट्यासाठी वेगळी व्यवस्था मिळवली, हे खरे आहे. पण ती व्यवस्था 'फक्त माल्टाच्या लोकांसाठी' अशी नाही. ती बारा मीटरपेक्षा लहान बोटींना झुकते माप देते. बेट दूर असल्यामुळे इतक्या लहान बोटी बाहेरून सहसा येत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात फायदा स्थानिकांना होतो. आइसलँडचा उद्योग मोठ्या ट्रॉलरवर चालतो, त्यामुळे बोटीच्या लांबीची अट घालून त्याचे रक्षण होणार नाही. सवलत मिळू शकते, एवढेच माल्टामुळे सिद्ध होते. आइसलँडला हवी ती सवलत मिळेल, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

रेक्याविककर:

मी अनेक वर्षे रेक्याविकमध्ये राहतो, म्हणून या चर्चेत न आलेली बाजू मांडतो. 'आइसलँडचे मासे' हा शब्दप्रयोग आपण सगळेच सहज करतो, पण ते मासे नेमके कोणाचे आहेत?

मासे ही राष्ट्राची सामायिक मालमत्ता आहे, असे तिथला कायदा म्हणतो. कोटा पद्धत १९८४ मध्ये आली. कोणत्या बोटीने आधी किती मासे पकडले होते, त्यावर वाटा ठरला आणि तो मालकांना फुकट मिळाला. १९९० च्या कायद्याने हा कोटा विकता येऊ लागला. ही पद्धत साठ्यांच्या दृष्टीने यशस्वी झाली, यात मला शंका नाही. पण कोटा हळूहळू थोड्या मोठ्या कंपन्यांकडे गेला आणि पश्चिम फ्योर्ड या किनारी भागातल्या गावांच्या धक्क्यांवरून बोटी नाहीशा झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २००७ मध्ये ही पद्धत भेदभावाची असल्याचे मत दिले. २०२५ मध्ये सरकारने मासेमारीवरील शुल्क वाढवायचे ठरवले, तेव्हा विरोधकांनी आल्थिंगमध्ये चर्चा इतकी लांबवली की ती संपवण्यासाठी सभापतींना क्वचितच वापरली जाणारी तरतूद वापरावी लागली. सदस्यत्वाला सर्वांत संघटित विरोध याच मोठ्या कंपन्यांकडून होतो. दोनशे मैलांचा लढा राष्ट्राने दिला, पण त्याचे फळ कोणाच्या ताब्यात आहे, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

माझ्यासारख्या पगारदाराला वेगळी काळजी आहे. इथली पुष्कळ गृहकर्जे महागाईशी जोडलेली असतात, म्हणजे महागाई वाढली की हप्त्याबरोबर मुद्दलही वाढते, आणि दहा वर्षे कर्ज फेडूनही देणे जास्तच दिसते, असा अनुभव इथे अनेकांनी घेतला आहे. मध्यवर्ती बँकेचा व्याजदर ऑगस्ट २०२३ पासून वर्षभराहून अधिक काळ ९.२५ टक्के होता. स्वतःचे चलन टिकवण्याची ही किंमत प्रत्येक कुटुंब मोजते. युरोची वाट सदस्यत्वातूनच जाते. मासेमारीपेक्षा मोठा प्रश्नच नाही असे म्हणणाऱ्यांनी हा हप्ताही हिशोबात धरावा.

रापणकर:

रेक्याविककर यांनी मांडलेले दुःख खरे आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण कोट्याची वाटणी अन्यायाची असेल, तर ती बदलण्याचा अधिकार आज आल्थिंगकडे आहे, आणि शुल्कवाढ अखेर मंजूर झाली हाच त्याचा पुरावा आहे. घरात भावाभावांत जमिनीचा वाद असेल, तर तो सोडवायला सातबाराच दुसऱ्याच्या नावावर चढवत नाहीत.

ग्रीनलंडने १९८२ मध्ये सार्वमत घेतले आणि १९८५ मध्ये युरोपीय समुदाय, म्हणजे महासंघाचे पूर्वरूप, सोडला, तेही प्रामुख्याने मासेमारीसाठी. डेन्मार्क १९७३ मध्ये आत गेला, पण त्याच्याच राज्यातली स्वायत्त फेरो बेटे बाहेरच राहिली. नॉर्वेच्या जनतेने १९७२ आणि १९९४ मध्ये दोनदा नकार दिला. सामायिक पाण्यात सर्वांना समान प्रवेश हे तत्त्व मूळच्या सहा देशांनी १९७० मध्ये मंजूर केले, ते ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे यांच्याशी बोलणी सुरू होण्याच्या तोंडावरच. मासेमारी हाच ज्यांचा आधार आहे असे उत्तर अटलांटिकचे लोक बाहेर राहिले, हा केवळ योगायोग नाही.

सागरनोंदी:

कॉडवर एवढे बोलणे झाले, पण सध्याचे भांडण कॉडचे नाही. कॉड बहुतांशी आइसलँडच्याच पाण्यात राहतो. खरे भांडण मॅकरेलचे आहे, जो आपल्या बांगड्याच्या कुळातला आणि लांबवर फिरणारा मासा आहे. २००६ मध्ये आइसलँडने जेमतेम चार हजार टन मॅकरेल पकडला होता. २००८ मध्ये तो एक लाख टनांच्या पुढे गेला, कारण समुद्राचे तापमान आणि अन्नाचे प्रमाण बदलले आणि मासा वायव्येकडे सरकला. मासा आमच्या पाण्यात चरतो, म्हणून आमचाही वाटा आहे, असे आइसलँडने म्हटले. हा साठा आम्ही वर्षानुवर्षे सांभाळला, असे महासंघ आणि नॉर्वे म्हणाले. २०१४ च्या करारात महासंघ, नॉर्वे आणि फेरो बेटे होती, आइसलँड नव्हते. प्रत्येकाने स्वतःचा वाटा स्वतः ठरवला आणि सगळ्यांची बेरीज शास्त्रज्ञांनी सांगितलेल्या मर्यादेच्या वर जात राहिली. परिणामी २०१९ मध्ये या माशाचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र स्थगित झाले. २०२६ साठी तर शास्त्रज्ञांनी सुमारे ७० टक्के कपात सुचवली.

या एका माशाने दोन्ही बाजूंचे युक्तिवाद अडचणीत येतात. मॅकरेलला दोनशे मैलांची रेषा ठाऊक नसते, म्हणून 'आपले पाणी आपल्या हाती' एवढ्याने त्याचे रक्षण होत नाही. पण सदस्य झाल्यास आइसलँड वाटाघाटीच्या टेबलावर स्वतंत्र किनारी देश म्हणून बसणार नाही, त्याच्या वतीने महासंघ बसेल. महासंघात असलेल्या आयर्लंडच्या मच्छीमारांना याचा अनुभव आहे. डिसेंबर २०२५ मध्ये ब्रिटन, नॉर्वे, फेरो बेटे आणि आइसलँड यांनी मॅकरेलबाबत जो समझोता केला, त्यात महासंघ नव्हता. बाहेर राहिल्याने आइसलँडला तिथे जागा मिळाली, हे मान्य केले पाहिजे. त्या समझोत्याने मासा वाचेल का, याची मला अजून खात्री वाटत नाही, कारण मान्य केलेली मर्यादा शास्त्रज्ञांच्या सल्ल्यापेक्षा बरीच वर आहे.

उत्तरवारा:

सागरनोंदी यांनी माझ्या मांडणीतली उणीव दाखवली आहे. सापेक्ष स्थैर्याचा माझा हिशोब कॉड, हॅडॉक यांसारख्या स्थायिक माशांपुरता खरा आहे. फिरत्या साठ्यांना तो लागू होत नाही, आणि तिथे आइसलँडला स्वतःची जागा सोडावी लागेल. न्यायवाचक यांचा मालकीचा मुद्दाही मला पूर्ण मान्य आहे. फॅक्टरटेमनंतर कोणत्याही तोंडी आश्वासनावर विसंबणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

तरीही माझे मत बदललेले नाही. १९९४ पासून, म्हणजे युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार लागू झाल्यापासून, आइसलँड एकल बाजाराचे नियम स्वीकारत आले आहे, पण ते ठरवताना त्याला मत नाही. रापणकर सार्वभौमत्वाबद्दल बोलतात, तेव्हा हेही त्या हिशोबात धरायला हवे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महासंघाने फेरोमिश्रधातूंवर (पोलाद बनवताना लागणाऱ्या लोहाच्या मिश्रधातूंवर) आयातनिर्बंध लावले, ते आइसलँड आणि नॉर्वे यांनाही लागू केले. बाहेर राहण्याची किंमत आता वाढू लागली आहे. ग्रीनलंडवर अमेरिकेने सांगितलेल्या दाव्यानंतर, ज्या देशाचे संरक्षण अमेरिकेशी केलेल्या कराराच्या भरवशावर आहे, त्याने आपले पर्याय तपासून पाहणे अगदी स्वाभाविक आहे.

बोलणी सुरू झाली, तर मासेमारीचे प्रकरण शेवटी न ठेवता सर्वांत आधी उघडले पाहिजे. आइसलँडचे दोनशे मैल हे वेगळे व्यवस्थापन क्षेत्र असावे आणि मालकीवरची मर्यादा प्रवेशाच्या करारातच लिहिली जावी. हे मिळाले नाही, तर उरलेल्या प्रकरणांवर वेळ न घालवता आइसलँडने उठून यावे.

रापणकर:

मासेमारीचे प्रकरण पहिले उघडायचे ही अट सार्वमताच्या आधी सरकारने लेखी जाहीर केली, तर बोलण्यांना असलेला माझा विरोध मी मागे घेईन. सदस्यत्वाला असलेला विरोध मात्र तो करार वाचेपर्यंत कायम राहील.