मदत हवी आहे: हीरोज ऑफ माईट अँड मॅजिकची गोष्ट नेमकी कुठल्या क्रमाने लावायची?

टॉवेलवाला (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. प्रश्न तसा किरकोळ आहे, पण गेले आठ दिवस त्याच्यापायी घरात जेवणं लांबताहेत, म्हणून धागा काढतोय.

भाचा सुट्टीला सोलापुरात आलाय, यंदा दहावीत गेला. मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. डांबून ठेवलेल्या पोराला करमावं म्हणून मी हीरोज थ्री, म्हणजे या कॉम्प्युटर गेमचा तिसरा भाग, लावून दिला. कॉलेजात असताना नव्या पेठेतल्या एका सायबर कॅफेत आम्ही चौघं एकाच कॉम्प्युटरवर हॉटसीट खेळायचो. एकाची पाळी चालू असताना बाकीच्या तिघांनी भिंतीकडं तोंड करून बसायचं, आणि तासाचे पैसे चौघांत. त्यामुळं गोष्ट वाचायला वेळ कुणाला होता? मजकुराची खिडकी आली की एंटर मारायचा आणि सोन्याच्या खाणीकडं घोडा पळवायचा.

भाचा नेमका उलटा. तो प्रत्येक खिडकी वाचतो आणि मग मला विचारतो. तीन ठिकाणी मी अडकलोय.

एक. रेस्टोरेशन ऑफ एराथिया, म्हणजे हीरोज थ्रीचा मूळ गेम, त्याच्या सुरुवातीला राणी कॅथरीन समुद्र ओलांडून माहेरी येते, कारण तिचे वडील, राजा ग्रिफनहार्ट, वारलेत. मग भाच्यानं शॅडो ऑफ डेथ काढलं, ते मूळ गेमचं शेवटचं एक्सपान्शन, म्हणजे पुरवणी, आहे म्हणून. तिथं राजा जिवंत! "मामा, मेलेला माणूस परत कसा काय?" मी म्हटलं, मेलेल्यांना उठवणारे जादूगार, नेक्रोमन्सर, आहेत, उठवला असंल. तो म्हणाला, उठवलेला वेगळा, तो रेस्टोरेशनमध्येच आहे, हा चांगला जिवंत आहे. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

दोन. कॅथरीनचा नवरा रोलंड. रेस्टोरेशनमध्ये त्याचा पत्ता नाही, आणि आर्मगेडन्स ब्लेड या पहिल्या एक्सपान्शनमध्ये बघावं तर बायकोशेजारी उभा. मधल्या काळात होता कुठं?

तीन. हीरोज फाईव्हमध्ये निकोलाय नावाचा राजा आहे, ग्रिफिन साम्राज्याचा. भाच्यानं नेटवर वाचलं की रोलंड-कॅथरीनच्या मुलाचं नाव निकोलाय. आईचं माहेर ग्रिफनहार्ट, हे ग्रिफिन. म्हणजे तोच पोरगा मोठा झाला, असं धरून मी सुताच्या बिलामागं मस्त वंशावळ काढून दिली. आता तोच म्हणतोय, मामा, हे जमत नाही.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आणि कुठल्या क्रमाने खेळायचं तेही सांगा.

हाडांचा_हिशेब:

वंशावळ फाडून टाका, मालक. पण तिसऱ्यावर नंतर येतो, आधी सोपं.

शॅडो ऑफ डेथ बाजारात शेवटी आलं, २००० साली, पण त्यातली गोष्ट आधीची आहे. रेस्टोरेशन ऑफ एराथिया १९९९ चं, आर्मगेडन्स ब्लेडही १९९९ चंच. लावायचं असं: शॅडो ऑफ डेथ, मग रेस्टोरेशन, मग आर्मगेडन्स ब्लेड. सगळ्यात धाकटं भावंड गोष्टीत सगळ्यात थोरलं.

शॅडोमध्ये सँड्रो नावाचा नेक्रोमन्सर जेम आणि क्रॅग हॅक या दोघांना गोड बोलून वस्तू गोळा करायला लावतो. दोघांना वाटतं आपण भलं काम करतोय. इकडं हा बाबा त्या वस्तू जोडून स्वतःसाठी क्लोक ऑफ द अनडेड किंग बनवतो. पुढं राजाला विष घालायचं कारस्थान शिजतं, आणि ते तडीला गेलं की रेस्टोरेशनमधल्या अंत्यविधीला कॅथरीन येते. तेव्हा तुमच्या भाच्याला राजा जिवंत दिसला तो बरोबरच दिसला. त्याला सांगा, मामा चुकला.

टॉवेलवाला:

सांगितलं. घरात आता माझी किंमत आणखी कमी झाली.

पेठेतला_ओर्क:

अरे, आणखी एक सोलापूरकर! गड्ड्याच्या दिवसांत सगळे यात्रेत आणि कॅफे रिकामा, तेव्हा आम्हीपण पडीक असायचो तिथं. कदाचित भिंतीकडं तोंड करून बसलेला मी तुम्हाला पाहिलाही असेल.

रोलंडचं उत्तर तुम्हाला हीरोजमध्ये सापडणारच नाही, कारण तो धडा दुसऱ्याच वहीत आहे. न्यू वर्ल्ड कंप्युटिंगवाले एकाच जगावर दोन मालिका चालवत होते. एक ही आपली, पाळीपाळीनं सैन्य हलवायची. दुसरी नुसती माईट अँड मॅजिक, त्यात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघत चालता आणि चार-पाच जणांची टोळी सांभाळता. पाणी दोन्हीकडं एकच, फक्त नळ दोन.

या दुसरीचा सहावा भाग १९९८ चा. तो सुरू होतो तेव्हा रोलंड बेपत्ता आहे, कॅथरीन वडिलांच्या अंत्यविधीला एराथियाला गेलीये, आणि मागं राहिलाय लहान निकोलाय. म्हणजे सहावा भाग आणि तुमचं रेस्टोरेशन जवळपास एकाच वेळी चालू आहे, समुद्राच्या दोन काठांवर. रोलंडला क्रीगनांनी धरलंय. क्रीगन म्हणजे हीरोज थ्रीमधल्या इन्फर्नो किल्ल्यातली ती लाल मंडळी.

सातवा भाग १९९९ चा, त्यात तुम्हीच जाऊन रोलंडला कैदेतून सोडवता आणि क्रीगनांचा राजा झेनोफेक्स याला मारता. पुढं आर्मगेडन्स ब्लेडमध्ये क्रीगनांच्या गादीवर ल्युसिफर आहे. राजा का बदलला ते हीरोजवाल्यांना कळत नाही, सातवा खेळलेल्यांना कळतं. ही शिवण नीट बघितली की पुढचं सगळं बसतं: रेस्टोरेशन, सातवा, आर्मगेडन्स ब्लेड.

अवांतर: सातव्याला दोन शेवट आहेत, उजेडाचा आणि अंधाराचा. आर्मगेडन्स ब्लेडमध्ये आधी फोर्ज नावाचा यंत्र-बंदुकांचा किल्ला येणार होता, आणि तो अंधाराच्या शेवटावरून पुढं निघत होता. लोकांनी एवढी बोंब ठोकली की तो रद्द करून कॉनफ्लक्स आणला. मग उजेडाचा शेवट खरा ठरला. माझ्या मते लोक चुकले. रोबोट विरुद्ध ड्रॅगन, काय मजा आली असती!

डोंबिवलीचा_द्रुइड:

फोर्जबद्दल असहमत, पण तो वाद परत नको. त्या वादात मैत्र्या गेल्यात.

धागाकर्त्यांना एक इशारा. एनरॉथ हे नाव दोन गोष्टींचं आहे. पूर्ण ग्रहाचं, आणि त्याच ग्रहावरच्या एका खंडाचंही. पहिला हीरोज (१९९५), दुसरा हीरोज (१९९६) आणि सहावा माईट अँड मॅजिक एनरॉथ खंडावर घडतात. तिसरा हीरोज आणि सातवा भाग अँटागरिच खंडावर. आठवा जदामे खंडावर. कुणी 'एनरॉथ नष्ट झालं' लिहिलं असेल तर ते ग्रहाबद्दल. हे माहीत नसल्यामुळे मी कित्येक वर्षं समजत होतो की एक खंड बुडाला आणि बाकीचे मजेत आहेत.

आणि रोलंड कोण, हे कळायला दुसरा हीरोज लागतोच. पहिल्यात मॉर्गलिन आयर्नफिस्ट परक्या मुलखात येऊन राज्य कमावतो. दुसऱ्यात त्याची दोन पोरं, रोलंड आणि आर्चिबाल्ड, गादीसाठी भांडतात. तुम्ही कुणाच्याही बाजूनं खेळू शकता, मधेच फितूरसुद्धा होऊ शकता, पण पुढच्या गोष्टीनं रोलंडचा विजय धरलाय. आर्चिबाल्डचा दगड होतो. सहाव्यात तो दगडातून सुटतो, आणि सातव्यात बघावं तर डेजा नावाच्या मुलखातल्या नेक्रोमन्सरांचा राजा होऊन बसलेला. भाऊबंदकी म्हणजे अशी असावी.

टॉवेलवाला:

तिघांचे मनापासून आभार. भाच्यानं आता नवा तक्ता मांडलाय. मी त्याला मागाची युक्ती सांगितली: ताणा उभा, तो काळ, बाणा आडवा, ते खंड. एकाच वेळी दोन खंडांवर काय चाललंय ते एका ओळीत दिसतं. सहावा आणि रेस्टोरेशन शेजारी-शेजारी बसले तेव्हा पोरगं खुर्चीतून उठून उभं राहिलं.

पण निकोलायचं राहिलं. आणि हीरोज फोर या कापडात कुठंच बसेना. एकही ओळखीचं गाव नाही त्यात.

हाडांचा_हिशेब:

बसणार नाही, कारण तिथं कापड संपतं.

आर्मगेडन्स ब्लेड ही तलवार शेवटी गेलू नावाच्या नायकाकडे जाते. तिकडं किलगोर नावाचा रानटी राजा आहे. तो राजा कसा झाला हे आर्मगेडन्स ब्लेडमधल्या फेस्टिव्हल ऑफ लाईफ या कॅम्पेनमध्ये, म्हणजे मोहिमेत, आहे, ते वगळू नका. त्याच्या हाती येते सोर्ड ऑफ फ्रॉस्ट. दोन तलवारी एकमेकींवर आपटतात आणि अख्खा ग्रह फुटतो. याला रेकनिंग म्हणतात. वाचलेले लोक दारांमधून ॲक्सिऑथ नावाच्या दुसऱ्या जगात पळतात, आणि २००२ चा हीरोज फोर तिथं सुरू होतो. नवव्या माईट अँड मॅजिकचं जगही तेच. भाच्याच्या तक्त्यावर एक आडवी लाल रेघ मारा आणि तिच्याखाली फोर लिहा.

आता निकोलाय. २००३ मध्ये हे गेम काढणारी थ्रीडीओ कंपनी बुडाली, मालिकेचे हक्क युबिसॉफ्टनं घेतले आणि २००६ च्या हीरोज फाईव्हला पाटी कोरी करून आशान नावाचं तिसरंच जग मांडलं. जुन्याशी रक्ताचं नातं शून्य. नावं मात्र जुनी उचलली. निकोलाय हा एक. सँड्रोसुद्धा पुढं हीरोज सिक्सच्या एक्सपान्शनमध्ये भेटतो, तोही आशानचा, आपला नव्हे. गल्लीत दोन घरांत एकाच नावाची माणसं असतात, म्हणून ती भाऊ होत नाहीत.

डोंबिवलीचा_द्रुइड:

आशानचा क्रमही सरळ नाही बरं का. सिक्स (२०११) हा फाईव्हच्या सुमारे चारशे वर्षं आधीचा. सेव्हन (२०१५) या दोघांच्या मधला. क्लॅश ऑफ हीरोजही फाईव्हच्या आधीचा. त्याला वेगळा कागद घ्या, एकाच तक्त्यात कोंबू नका.

पेठेतला_ओर्क:

आणि टार्नमला विसरू नका! हीरोज क्रॉनिकल्सचे छोटे-छोटे भाग आले होते २००० च्या सुमारास. टार्नम हा रानटी लोकांचा जुलमी राजा. कॅथरीनचा पूर्वज रायन ग्रिफनहार्ट त्याला मारतो. पण पूर्वजांचे आत्मे त्याला स्वर्गात घेत नाहीत, पापं फेडायला परत पाठवतात, अमर करून. त्यामुळं तो पिढ्यान् पिढ्या भटकतो. पहिला भाग शेकडो वर्षांपूर्वीचा, आणि सोर्ड ऑफ फ्रॉस्ट हा भाग थेट रेकनिंगच्या तोंडावरचा. हीरोज फोरमध्येही तो भेटतो. तक्त्यात त्याला एक चौकोन देऊन भागणार नाही. वरपासून खालपर्यंत एक उभा धागाच सोडा त्याच्या नावाचा.

टॉवेलवाला:

धागा सोडला, केशरी. आता शेवटचं: खेळायचं कुठल्या क्रमानं?

हाडांचा_हिशेब:

गोष्टीच्या क्रमानं. शॅडोपासून. उगाच का एवढा तक्ता काढला?

डोंबिवलीचा_द्रुइड:

अजिबात नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं रेस्टोरेशनच आधी खेळावं. राजाला कुणी मारलं हे कोडं तिथं हळूहळू उलगडत जातं. शॅडो आधी खेळलात तर पहिल्याच खिडकीला खुनी माहीत. शिवाय शॅडोची कॅम्पेन अवघड आहेत, नवख्याला सँड्रो रडवतो. तक्ता समजून घेण्यासाठी, खेळण्यासाठी नाही.

आणि घ्यायचं असेल तर हीरोज थ्री कम्प्लीट घ्या. २०१५ च्या एचडी आवृत्तीत फक्त मूळ गेम आहे, दोन्ही एक्सपान्शन नाहीत. त्यांचा सोर्स कोड हरवला होता.

टॉवेलवाला:

कम्प्लीटच आहे. मी द्रुइडसाहेबांच्या बाजूनं कौल दिला, भाचा हाडांच्या बाजूनं गेला. शेवटी पोरानं तिसरीच वाट काढली. म्हणाला, मामा, रोलंड कसा सुटला ते कुणी सांगून मला पटणार नाही, मीच सोडवतो. काल रात्री सातवा भाग घेतला.

चित्रं बघून मला हसू आलं, सगळं ठोकळ्याठोकळ्यांचं. पोरगं मात्र दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणी ताटात तशीच ठेवून बसलंय. एमराल्ड आयलंड नावाच्या बेटावर काहीबाही गोळा करायची स्पर्धा आहे, जिंकली तर एक किल्ला बक्षीस. लाल औषध झालं, शिंपला झाला, धनुष्य झालं, वाद्य आणि श्रीमंती टोपीही मिळाली. फक्त फरशी राहिलीये. दीड तास झाला, अख्खं बेट पालथं घातलं, दोनदा त्या गुहेतल्या ड्रॅगननं खाल्लं.

कुणाला माहीत आहे का, ती फरशी कुठं मिळते? जरा लवकर सांगा, भाकरी वातड होतीये.