मायग्रेन मशीनमध्ये दिसतो का? चेहऱ्याचा रक्तप्रवाह आणि ईईजी एकत्र, कुणी केलंय?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. प्रश्न माझ्या ताईचा आहे, वय ३८, शाळेत शिकवते, अर्धशिशी कॉलेजपासूनची. आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकतं, २० एक मिनिटं, मग डावं कानशील ठणकायला लागतं, चेहरा पांढराफटक पडतो, उलट्या, आणि पुढचा अख्खा दिवस अंधाऱ्या खोलीत. गेल्या संकष्टीला उपाशीपोटी खजराना गणपतीला उन्हात लाइनीत उभी राहिली आणि घरी येईपर्यंत सुरू.

एमआरआय नॉर्मल, ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद) नॉर्मल. तेव्हापासून सासरी सूर असा की रिपोर्टमधे काही नाही म्हणजे कामाचा कंटाळा. परवा माझ्याजवळ खूप रडली, म्हणून हा धागा.

मी बरंच वाचत बसले. १९३८ मधे अमेरिकेत ग्रॅहम आणि वुल्फ या डॉक्टरांनी दुखणं चालू असताना कानशिलाच्या धमनीचे ठोके मोजले होते, अर्गोटामीन हे रक्तवाहिन्या आकसवणारं औषध दिल्यावर ठोक्यांचा जोर उतरला तसं दुखणंही उतरलं. मग १९४४ मधे लिआओ या संशोधकाला सशाच्या मेंदूवर सरकणारी, तिथलं विजेचं काम मंदावत जाणारी एक लाट सापडली, मिनिटाला जेमतेम २ ते ५ मिलिमीटर, आणि २००१ मधे माणसांत चमकणं चालू असतानाच फंक्शनल एमआरआय (मेंदूचं चालू काम टिपणारा) काढला तर तशीच सरकत जाणारी लाट दिसली. हे वाचून मला ताईची ती २० मिनिटंच आठवली! तिचे रिपोर्ट तर दुखत नसताना काढलेले, आणि साधा एमआरआय मेंदूची ठेवण दाखवतो, मेंदू त्या क्षणी काय करतोय ते नाही, मग त्यात दिसणार काय?

चेहऱ्याचं म्हणाल तर चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणाची संवेदना नेणारी नस एकच, ट्रायजेमिनल, तिच्यातून सीजीआरपी नावाचं द्रव्य सुटतं आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. कातडीतला रक्तप्रवाह लेझर डॉप्लरने सुई न टोचता मोजता येतो. म्हणून विचारतेय, अटॅक चालू असताना कपाळावर लेझर आणि डोक्याला ईईजी असं एकत्र कुणाचं झालंय का, कुठल्या अभ्यासात भाग घेतला असेल तरी सांगा, इंदूर नाहीतर मुंबई-अहमदाबाद कुठेही नेईन. उजेड सहन होत नसताना तारा लावून बसवतं का हेही सांगा.

डॉक्टर म्हणतात निदान लक्षणांवरूनच होतं, याची गरज नाही. पटतं मला ते, उपचार चालूच आहेत. पण ज्यांच्या घरी असंच विश्वास न ठेवण्याचं झालं त्यांनी काय केलं? डॉक्टरांसमोर सासूबाईंना नेऊन बसवलं तर उपयोग होतो का?