सॅन (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारे नेटवर्क) स्विचच्या लॉगमधील ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’चा अर्थ कसा लावावा?

उद्यमबाग_सिस्टीम
नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात मी सर्व्हर आणि स्टोरेजची देखभाल पाहतो. आमच्याकडील ब्रोकेड कंपनीच्या दोन्ही फायबर चॅनेल स्विचवर सध्या रोज रात्री साडेआठच्या सुमारास एसईसी-११९३ हा संदेश उमटतो. त्यात ‘सिक्युरिटी व्हायोलेशन’, ‘लॉगिन फेल्युअर अटेम्प्ट’ हे शब्द, एसएसएचचा (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या पद्धतीचा) उल्लेख आणि आमच्याच अंतर्गत नेटवर्कमधील एक आयपी पत्ता असतो. त्या वेळी आमच्या विभागात कोणीही नसते. साहेबांनी ‘व्हायोलेशन’ हा शब्द वाचल्यापासून डेटा चोरीस गेला काय, अशी विचारणा सुरू आहे. संदेशाची पातळी मात्र ‘इन्फो’ दिसते. हे दोन्ही एकत्र कसे?

खानापूर_स्टोरेज
पासवर्ड चुकीचा दिल्यामुळे लॉगिन नाकारले गेले, एवढीच नोंद हा संदेश करतो. स्विचने आपले काम चोख केले, म्हणून पातळी ‘इन्फो’. शिवाय हा प्रयत्न स्विचच्या व्यवस्थापन पोर्टवर, म्हणजे इथरनेटच्या बाजूने झालेला आहे. सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यातील डेटा फायबरवरून जातो, आणि कोणी कोणाला दिसावे हे तिथे झोनिंग ठरवते. अर्थात, ॲडमिन खाते कोणाच्या हाती लागले तर तो झोनिंगही बदलू शकेल, त्यामुळे संदेश दुर्लक्षिण्यासारखा नाही. ऑडिट लॉगमध्ये (कोणी काय केले याच्या नोंदवहीत) त्याच पत्त्यावरून एसईसी-३०२०, म्हणजे यशस्वी लॉगिनची नोंद आहे का, ते आधी पाहावे. साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळेल, ‘व्हायोलेशन’ या शब्दात नाही.

निपाणीकर_नेटवर्क
वेळेकडे कोणी पाहिले नाही. स्विचवर टाइमझोन बसवलेला नसेल तर तो यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ दाखवतो. त्यात साडेपाच तास मिळवले की लॉगमधले साडेआठ म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे दोन होतात. पहाटे दोनला रोज न चुकता येणारा पाहुणा सहसा माणूस नसतो, एखादे ठरवून लावलेले काम असते. स्विचचा पासवर्ड अलीकडे बदलला असल्यास बॅकअप किंवा मॉनिटरिंगच्या सर्व्हरमध्ये जुनाच राहिला असण्याची शक्यता मोठी आहे.

उद्यमबाग_सिस्टीम
आपले म्हणणे खरे निघाले. पत्ता बॅकअप सर्व्हरचाच आहे, आणि स्विचचे कॉन्फिगरेशन उतरवून घेणारी, पुरवठादाराने लावलेली स्क्रिप्ट पहाटे दोनलाच चालते. यशस्वी लॉगिन फक्त आमच्या विभागातील संगणकांवरून झालेले दिसतात. आता आयपी फिल्टर (कोणत्या पत्त्यांना आत घ्यायचे याचे नियम) लावून एसएसएच दोन-तीन पत्त्यांपुरतेच ठेवावे, असा विचार आहे.

खानापूर_स्टोरेज
अवश्य लावा, परंतु फिल्टरची मूळ डीफॉल्ट पॉलिसी, म्हणजे नियमांचा संच, बदलता येत नाही. तिची प्रत करून त्या प्रतीत नियम लिहावे लागतात. पॉलिसी कार्यान्वित करताना सीरियल केबल जोडून ठेवा, कारण स्वतःचाच पत्ता राहून गेला तर स्विच आपल्यालाही आत घेणार नाही. स्क्रिप्टसाठी ॲडमिनऐवजी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते काढावे. चुकीच्या पासवर्डनंतर खाते बंद करण्याची मर्यादा मुळात शून्य, म्हणजे निष्क्रिय असते. ती स्क्रिप्ट दुरुस्त केल्यानंतरच वाढवा, नाहीतर तेच खाते रोज पहाटे बंद पडेल.

निपाणीकर_नेटवर्क
लॉग सिसलॉग सर्व्हरवरही (लॉग एकत्र साठवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरवर) पाठवा. स्विचमधील जागा मर्यादित असून जुन्या नोंदी पुसल्या जातात, तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात. घड्याळही एनटीपीशी, म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेशी, जोडून घ्यावे. त्याच निर्देशांत अनधिकृत प्रवेशासारखी घटना सहा तासांत कळवण्याची अट आहे, पण आपल्याच स्क्रिप्टचे हे फसलेले लॉगिन त्यात मोडत नाही, असे साहेबांना लेखी कळवायला हरकत नाही.