‘वातस्फीती’ हा शब्द फुप्फुसाच्या विकाराला पुरतो का?

प्रश्न : वडिलांच्या सीटी स्कॅनच्या अहवालात ‘एम्फिसीमा’ असा शेरा आहे. कोशात ‘वातस्फीती’ हा प्रतिशब्द सापडला. ओळखीतले एक गृहस्थ मात्र त्याला ‘फुप्फुसाला आलेली सूज’ म्हणतात. यातले योग्य काय?

उत्तर : ‘सूज’ हा शब्द येथे टाळावा. सूज म्हटली की ती औषधाने उतरेल, अशी अपेक्षा आपोआप निर्माण होते आणि या विकारात तर उतरण्यासारखे काही उरलेलेच नसते. तंबाखूच्या धुरामुळे फुप्फुसात दीर्घकाळ दाह चालू असतो हे खरे, पण एम्फिसीमा हे त्या दाहाचे नव्हे, त्याने केलेल्या नासाडीचे नाव आहे.

‘वातस्फीती’ व्युत्पत्तीला धरून आहे, कारण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हवा भरून फुगवणे असाच होतो. स्टेथोस्कोपचा जनक रने लेनेक याने १८१९ मधील आपल्या ग्रंथात नोंदवले आहे, की अशा रुग्णाच्या मृतदेहाची छाती उघडली तरी फुप्फुसे आक्रसत नाहीत, पोकळी भरून तशीच राहतात. डोळ्यांना दिसतो तो फुगवटा; खरी घटना मात्र त्याच्या आत घडलेली असते. फुप्फुसात हवेच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात; निरोगी वायुकोश सुमारे ०.२ मिलिमीटर रुंदीचा असतो. धुरामुळे गोळा झालेल्या पांढऱ्या पेशींमधून इलॅस्टेज नावाचे विकर सुटते आणि ते वायुकोशांच्या भिंतींतील लवचीक तंतू तोडते, तेव्हा शेजारशेजारचे अनेक कोश एक होऊन मोठी पोकळी तयार होते. चाळीतल्या खोल्यांमधल्या भिंती पाडून एकच दालन केले, तर मोकळी जागा वाढल्यासारखी वाटते, पण भिंत घटते. आणि प्राणवायूची देवाणघेवाण करणाऱ्या केशवाहिन्या नेमक्या त्या भिंतींतच असतात. शिवाय याच भिंतींच्या ताणामुळे बारीक श्वासनलिका उघड्या राहतात. तो ताण गेला, की उच्छ्वासाच्या वेळी त्या मिटतात आणि हवा आत अडकते. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडणारा रुग्ण तोंडाशी अडथळा निर्माण करून आतला दाब टिकवतो आणि त्या नलिका मिटू देत नाही. ही युक्ती अनेकांना कोणी न शिकवताच साधते.

म्हणून ‘वातस्फीती’ चूक नाही, अपुरा आहे. छातीला मार लागून त्वचेखाली हवा शिरली आणि बोटाने दाबताच चुरचुरू लागली, तर त्यालाही एम्फिसीमाच म्हणतात आणि तेथे तो शब्द चपखल बसतो. फुप्फुसाविषयी लिहिताना पहिल्या उल्लेखात ‘वायुकोशांच्या भिंती कायमच्या नष्ट होऊन होणारी वातस्फीती’ असे लिहावे, पुढे नुसता ‘एम्फिसीमा’ चालेल.

उपप्रश्न : बोलताना ‘दमा’ म्हटले तर?

उत्तर : बोलण्यात सर्रास म्हणतात, पण लेखनात नको. दम्यात श्वासनलिका आकुंचन पावतात आणि बहुधा औषधाने पुन्हा मोकळ्या होतात. वायुकोशांच्या भिंती शाबूत असतात.

उपप्रश्न : अहवालात ‘सेंट्रिलोब्युलर’ असेही आहे.

उत्तर : म्हणजे नासाडी फुप्फुसाच्या लहान खंडिकांच्या मध्यभागापासून सुरू झाली आहे. धूम्रपान करणाऱ्यांत हाच प्रकार मुख्यत्वे आढळतो आणि तो वरच्या भागात अधिक असतो. संपूर्ण खंडिका ग्रासणारा, खालच्या भागात अधिक दिसणारा प्रकार अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या इलॅस्टेजला आवर घालणाऱ्या प्रथिनाच्या जन्मजात कमतरतेत आढळतो; हा संबंध स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ मध्ये दाखवून दिला.