वरच्या जबड्याची कास्ट पार्शल: हॉर्सशू फ्रेम दाबली की वाकते. जाडी वाढवू की डिझाइन बदलू?

मी डेंटल लॅबमध्ये कास्ट पार्शलचं (काही दात शिल्लक असताना बसवायच्या, धातूची ओतीव फ्रेम असलेल्या कवळीचं) काम करते. मेणापासून पॉलिशपर्यंत ही फ्रेम माझ्याच हातून झाली आहे, त्यामुळे चूक माझी असेल तर स्पष्ट सांगा.

दोन्हीकडे पहिल्या उपदाढेपर्यंत मिळून आठ दात शिल्लक आहेत, त्यामागे काहीच नाही. म्हणजे केनेडी क्लास १ (दोन्ही बाजूंचे मागचे दात नसलेला प्रकार). टाळूवर हाडाचा उंचवटा नाही. पेशंटला टाळूला मागे काही लागलं की ओकारीची उबळ येते, म्हणून डॉक्टरांनी हॉर्सशू कनेक्टर (दोन्ही बाजू जोडणारा, नालेच्या आकाराचा, मागे उघडा भाग) मागितला. कोबाल्ट-क्रोममध्ये ओतला. मॉडेलवर फ्रेम अगदी नीट बसते, रेस्ट (दातावर टेकणारे छोटे आधार) खाचेत पूर्ण टेकतात. पण हातात घेऊन मागची दोन टोकं दाबली की जवळ येतात आणि सोडली की परत जागेवर जातात. नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

उजवी उपदाढ आधीच किंचित हलते. माझ्या फ्रेममुळे ती गेली तर मला चैन पडणार नाही. जाडी वाढवून भागेल का? एक सहकारी म्हणतो टायटॅनियम घे, ते जास्त मजबूत असतं. खरं आहे का?

प्रतिसाद (प्रोस्थोडॉन्टिस्ट)

फ्रेम डॉक्टरांकडे पाठवण्याआधी विचारलंत, फार बरं केलंत.

टायटॅनियमचं आधी सांगतो. सहज न तुटणं वेगळं आणि न वाकणं वेगळं. कोबाल्ट-क्रोमचा इलॅस्टिक मॉड्युलस (धातूच्या ताठपणाचं माप) साधारण २०० ते २२० गिगापास्कल असतो, टायटॅनियमचा त्याच्या जवळपास निम्मा. त्याच मापाची टायटॅनियमची फ्रेम आणखी वाकेल.

जाडीचा फायदा नक्की होतो. सपाट पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, रुंदीने मात्र सरळ पटीत. पण हॉर्सशूचं खरं दुखणं आकारात आहे. मागची दोन्ही टोकं मोकळी असतात. पेशंट एका बाजूने चावला की त्या बाजूचं टोक हिरडीत दबतं आणि बाहेर फाकतं. दुसरी बाजू त्या भाराचा वाटा घेऊच शकत नाही. मग सगळा पीळ शेवटच्या दातावर येतो, आणि तुमचा तो दात आधीच हलतो आहे. मेजर (मुख्य) कनेक्टरचं पहिलं काम भार दोन्ही बाजूंना वाटणं हे आहे. वाकणाऱ्या कनेक्टरवर रेस्ट आणि क्लास्प (दाताला धरणाऱ्या कड्या) कितीही चांगले असले तरी त्यांचं काम बिघडतं.

म्हणून दोन्ही टोकं मागून जोडा, म्हणजे पुढची-मागची अशी दुहेरी पट्टी करा. मागची पट्टी सपाट आणि साधारण ८ मिमी रुंद ठेवा. ती कठीण टाळूवरच संपली पाहिजे, हलणाऱ्या मऊ टाळूवर जाऊ देऊ नका. बंद चौकट झाली आणि पट्ट्या वेगवेगळ्या पातळ्यांवर आल्या की पातळ धातूही बराच ताठ होतो. पुढची कड हिरडीच्या काठापासून ६ मिमी लांब ठेवा.

उबळ नेमकी कुठे येते, हे डॉक्टरांना एकदा तपासायला सांगा. बऱ्याच पेशंटना कठीण टाळूवरची पट्टी सहन होते.

प्रतिसाद (लॅब टेक्निशियन)

डिझाइनचं वर सांगितलंच आहे. गेजने जाडी मोजलीत का? मेण ०.६ मिमीचं लावलं तरी सँडब्लास्टिंग, इलेक्ट्रोपॉलिश आणि रबर व्हील यांत धातू जातो, विशेषतः वळणावर, कारण तिथे हात जास्त फिरतो.

आणि बाकी फ्रेम ताठ करताना क्लास्पचं टोक ताठ करू नका. लवचीक असावा असा भाग तेवढाच. कोबाल्ट-क्रोमच्या ओतीव क्लास्पला ०.२५ मिमी अंडरकट (दाताच्या फुगीर भागाखालची खोलगट जागा) पुरे. हलणाऱ्या उपदाढेला मी मेझियल रेस्ट (दाताच्या पुढच्या बाजूचा आधार), प्रॉक्झिमल प्लेट (दाताच्या मागच्या बाजूला टेकणारी पट्टी) आणि आय-बार (हिरडीकडून दातावर येणारा क्लास्प) दिला असता. मागचा भाग दबला की आय-बार दाताला ओढण्याऐवजी त्याच्यापासून सुटतो.

धागाकर्ती

मोजलं. मध्ये ०.६ आहे, पण दोन्ही वळणांवर ०.४! म्हणजे घनाच्या हिशोबाने तिथला ताठपणा एक तृतीयांशही उरला नाही. पॉलिश करताना मी चमक बघत राहिले, गेज एकदाही लावला नाही.

डॉक्टरांशी बोलले. त्यांनी पेशंटच्या कठीण टाळूवर मेणाची पट्टी दाबून थोडा वेळ ठेवून बघितली, उबळ आली नाही. मापाचा ट्रे मऊ टाळूला लागला होता तेव्हाच त्रास झाला होता. दुहेरी पट्टीला त्यांनी होकार दिला आहे, आय-बारलाही. फ्रेम नव्याने ओततेय.

एकच शंका. मागच्या पट्टीच्या कडेला बीडिंग (कड टाळूला नीट चिकटून बसावी म्हणून मॉडेलवर कोरायची बारीक रेघ) किती खोल कोरू?

प्रतिसाद (प्रोस्थोडॉन्टिस्ट)

०.५ मिमीपेक्षा जास्त नको. टाळूच्या मधल्या रेषेवर कातडी पातळ असते, तिथे कमी करत न्या. आणि या वेळी पॉलिशच्या प्रत्येक टप्प्यानंतर वळणावर गेज लावा.